अठ्ठावीस सेंटिमीटरचा ठोकळा

तुम्ही आत्ता जिथे बसला आहात, त्याच्या खाली काय आहे?

फरशी, असं उत्तर देऊ नका. फरशी कुणालाही दिसते. फरशीच्या खाली, भरावाच्या खाली, पाया जिथे जाऊन टेकलाय त्याच्याही खाली काय आहे? नाही ना ठाऊक? टोमॅटो घेताना चार वेळा दाबून बघता. चप्पल घेताना तळ वाकवून बघता. आणि ज्याच्यावर पोरंबाळं घेऊन तीस-चाळीस वर्षं निवांत झोपायचं, त्याबद्दल कुणीतरी एका कागदावर ‘जमीन योग्य आहे’ असं लिहितं आणि आपण तो कागद न वाचता फायलीला लावतो. ते लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं, की दुसऱ्यानं सांगितलं ते उतरवलं? हे विचारायची आपल्याला कसली लाज वाटते, देव जाणे.

तर असे कागद लिहिणाऱ्या एका बाईची ही गोष्ट.

तिला सगळे हातोडीमावशी म्हणतात. पेशानं भूगर्भशास्त्रज्ञ, पण तो शब्द उच्चारून होईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो, म्हणून ती स्वतः ‘दगड बघते मी’ एवढंच सांगते. पंक्चरच्या दुकानाच्या डोक्यावर तिची एक खोली आहे. वर जायला लोखंडी जिना, त्याची तिसरी पायरी सैल. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावर कप बशीत वाजायला लागतो. ती एका बोटानं कप दाबून धरते आणि बोलणं पुढे चालू ठेवते. भिंतीला फळ्या, फळ्यांवर दगड, प्रत्येक दगडाला चिकटपट्टी आणि नंबर. दार आपटू नये म्हणून लावलेला धोंडासुद्धा नंबराचा. गळ्यात दोरीला भिंग, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी. ती हातोडी घेऊन ती बँकेत जाते, दवाखान्यात जाते, एकदा तर कुणाच्या लग्नालाही गेली होती. पहारेकऱ्यानं अडवलं तर त्याच्याच बुटाखालची लादी कुठल्या दगडाची आहे ते सांगत बसते. शेवटी तो कंटाळून आत सोडतो.

आणि ती दगड चाटते. खरंच चाटते. ओला झाला की दगडाचे कण भिंगातून नीट दिसतात, आणि दर वेळी पाणी कुठून आणायचं? शाळेतली पोरं लांबून बघून किंचाळतात, “मावशी, खारट आहे का?” ती मान वर न करता म्हणते, “तुझ्या डब्यापेक्षा बरा आहे.”

तिच्या खिशात दोन गोष्टी कायम असतात. निळ्या शाईचं पेन आणि पेन्सिल. स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते पेनानं लिहायचं. जो नुसता अंदाज आहे तो पेन्सिलीनं. पेन्सिल खोडता येते म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला एका नजरेत कळावं म्हणून, की इथपर्यंत बाईनं पाहिलंय आणि इथून पुढे बाई डोकं चालवतेय. ही सवय तिच्या मास्तरांनी लावली आणि ती तिच्या हाडीमासी खिळली. घरचं सामान आणायची यादीसुद्धा ती पेन्सिलीनं करते, कारण दुकानात माल असेलच असं नाही. तिची थोरली बहीण, ताई, सगळ्यांसमोर म्हणायची, “हिला स्थळ आलं तेव्हा हिनं होकार पेन्सिलीनं दिला. तो माणूस अजून वाट बघत असेल, खरा की खोटा म्हणून.”

ताई म्हणजे तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिची वेणी घालण्यापासून हिला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ताई टेकडीवरच्या शाळेची मुख्याध्यापिका. आवाज असा की दुसऱ्या टोकाच्या वर्गातला मुलगा खिडकीतून उतरत असेल तर तिथेच अर्धा लटकून राहावा. शाळा तशी साधी. उताराला कापून केलेल्या सपाटीवर सात खोल्यांची एक ओळ, वर गच्ची, मागे दगडी भिंत, समोर चिंचोळं पटांगण. खाली उतारभर वस्ती. या शाळेत आठवीपर्यंत शिकता येतं. नववीला पोरींना मोठा रस्ता ओलांडून चार किलोमीटर जावं लागतं, आणि तिथेच दर वर्षी निम्म्या पोरी गळतात. कुणाचा बाप नको म्हणतो, कुणाची आई आजारी पडते. ताईकडे त्या पोरींची नावं लिहिलेली एक वही आहे. ती वही ती कुणाला दाखवत नाही.

म्हणून शाळेवर दोन मजले चढवायचे, नववी-दहावी इथेच सुरू करायची, हे ताईचं सतरा वर्षांचं वेड. ज्या महिन्यात ती निवृत्त होणार त्याच्या सहा महिने आधी सगळं जुळून आलं. नकाशे मंजूर, ठेकेदार ठरला. शिक्षण कार्यालयाला हवा होता एकच कागद. सतरा वर्षांपूर्वी शाळा बांधताना जमीन तपासून जो अहवाल दिला होता, तो आजही लागू आहे, असं त्याच भूगर्भशास्त्रज्ञानं लिहून द्यायचं. तो अहवाल कुणी दिला होता, हे वेगळं सांगायला नको.

दर रविवारी मावशी ताईकडे जेवायला असते. त्या रविवारी ताईनं ताटाशेजारी कागद ठेवला.

“एकच ओळ आहे. तारीख घाल, सही कर, मग भात वाढते.”

“उद्या पेट्या बघते आणि करते.”

“कसल्या पेट्या?”

“कोअरच्या. तुझ्याच शाळेच्या कोठीत आहेत, मोडक्या बाकांखाली.”

“अगं, दगड आहेत ते. सतरा वर्षांत काय अंडी घातलीत त्यांनी?”

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वर्तमानपत्रामागून बोलले, “घालूही शकतात. तुझ्या बहिणीच्या दगडांचा काही भरवसा नाही.”

“न बघता सही करत नाही मी, ताई.”

“माहितेय. तुझ्या प्रगतिपुस्तकावर मी सही करायचे ना, तेव्हा मीसुद्धा बघूनच करायचे. जा, बघ.” आणि ताईनं भात वाढला.

आता कोअर म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पायाखालचा दगड बघायचा तर यंत्रानं जमिनीत भोक पाडतात. यंत्राच्या टोकाला पोकळ नळी, नळीच्या तोंडाला हिऱ्याच्या कणांचे दात. ती फिरत खाली जाते आणि नळीच्या पोकळीत दगडाचा दांडा वर येतो, मनगटाएवढा जाड. हाच कोअर. हे तुकडे लाकडी पेटीत जसेच्या तसे, खोलीप्रमाणे मांडायचे. एका पेटीत पाच ओळी, ओळ एका मीटरची.

पण सगळाच दगड वर येतो असं नाही. कधी मधला तुकडा गळतो. मग काय करायचं? मावशीच्या मास्तरांचा नियम असा की जेवढा तुकडा गळला, बरोबर तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा कापायचा आणि त्या जागी ठेवायचा. ठोकळ्यावर लिहायचं, किती गळला आणि का. दोन्हीकडचे दगड सरकवून फट बुजवायची नाही. नोकरीला लागली त्या वर्षी एका मोठ्या बांधकामावरचा साहेब तिला म्हणाला होता, “फोटो काढायचाय, जरा जवळजवळ लावून घ्या, पेटी भरलेली दिसू दे.” तिनं दगड सरकवले नाहीत. साहेबानं स्वतः सरकवले. तिनं ते त्याच्या देखत पुन्हा होते तसे लावले. तिसऱ्यांदा त्यानं हात लावला तेव्हा तिनं पेटीवर बसकणच मारली. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. तेव्हापासून ती स्वतंत्र.

अशी ही बाई सोमवारी सकाळी कोठीत बाकं बाजूला सारून, धुळीत मांडी घालून बसली. तीन बोअरच्या पेट्या होत्या. पहिले दोन बोअर दहा मीटरलाच थांबवलेले, कारण दगड पक्का लागला होता. तिसरा, उताराकडचा, पंधरा मीटरचा. त्याची शेवटची पेटी तिनं उघडली. दुसऱ्या ओळीत ठोकळा होता. अठ्ठावीस सेंटिमीटरचा. लाकूड पिवळं पडलेलं, अक्षर तिचंच: ‘यंत्राला झटका बसून नमुना गळाला.’

निळ्या शाईत.

ती ठोकळा हातात धरून किती वेळ बसली, तिला कळलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं ओरडत पटांगणात गेली, परत आली.

कारण तो झटका तिनं पाहिलाच नव्हता. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. दुपारी ताईचा निरोप आला होता, कार्यालयात शाळेच्या मान्यतेवर चर्चा आहे, माझे हातपाय गार पडलेत, ये. ती यंत्र सोडून गेली. कार्यालयाच्या बोळात दोघी बहिणी बाकड्यावर बसून राहिल्या, ताईनं तिचा हात पाच वाजेपर्यंत सोडला नाही. मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर यंत्रवाला म्हणाला, “बाई, अकराव्या मीटरला थोडा माल पडला, झटका बसला असणार.” असणार. आणि तिनं आनंदाच्या भरात पेन काढलं आणि ‘बसून’ लिहिलं.

लोक खोटं कसं बोलतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. छातीठोक, दात काढत. ही तशातली नव्हे. हिनं एक शब्द चुकीच्या खिशातून काढला. पण वाचणाऱ्याला तर निळी शाईच दिसली ना? त्या शाईवर सात खोल्या उभ्या राहिल्या.

आणि दुसरी गोष्ट, जी तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दगड गळतो तो बहुतेक वेळा पक्का नसतो म्हणूनच गळतो. यंत्र पाण्यावर चालतं. मधे मऊ मातीचा थर असला तर ते पाणी त्याला धुऊन नेतं, आणि पेटीत येतात ते फक्त वरचे-खालचे कडक तुकडे. जे सगळ्यात वाईट, तेच वर येत नाही. एवढं साधं, पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते, आणि ती ठोकळा ठेवून मोकळी झाली होती.

कोठीतून बाहेर पडली ती थेट ताईकडे गेली नाही. शाळेभोवती फिरली. मागच्या भिंतीत पाण्याच्या टाकीजवळ करंगळी जाईल एवढी भेग होती. तिच्यात कुणीतरी खडूचे तुकडे कोंबले होते. पाचवीच्या वर्गाचं दार लागताना फरशीला घासत होतं.

“हे दार असंच आहे का?” तिनं शिपायाला विचारलं.

“दर साल सुतार येतो, रंधा मारून जातो. लाकूडच कच्चं आहे हो.”

“आणि बाकीच्या सहा वर्गांची दारं?”

“ती ठणठणीत.”

“त्याच लाकडाची?”

शिपायानं डोकं खाजवलं.

तिनं खोलीवर येऊन गिरमिटाला फोन लावला. गिरमिट म्हणजे तोच यंत्रवाला. तीस वर्षं जमिनीला भोकं पाडून त्याचा डावा कान गेलाय, आणि तो फोन हटकून डाव्याच कानाला लावतो.

“गिरमिट, शाळेचा तिसरा बोअर आठवतो का?”

“कुणाला ताप आलाय?”

“दुसऱ्या कानाला लाव!”

“हां बोला. ओरडताय कशाला?”

“यंत्र घेऊन ये. जुन्या भोकाशेजारी नवं पाडायचंय. पाणी अगदी कमी, फिरकी हळू. बारा मीटर जायला तीन दिवस लागले तरी चालतील.”

मग गिरमिट म्हणाला, “अकरावा मीटर ना? बाई, माझ्या मनात होतं तेव्हाच. पण तुम्ही लिहिलंत, म्हटलं बाईंना कळतंय.”

ताईला तिनं सांगितलं की खात्रीसाठी आणखी एक बोअर घेतेय. ताई म्हणाली, “घे. पण तारीख चुकवू नकोस.”

तीन दिवस मावशी यंत्राजवळून हलली नाही. खुर्ची टाकून बसली, डबा तिथेच खाल्ला. पोरं मधल्या सुट्टीत कडं करून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरमिटानं नळी वर ओढली, आडवी ठेवली आणि आतला माल हळूच, सुईणीनं मूल द्यावं तसा, पेटीत उतरवला. कडक दगड, कडक दगड, आणि मग चार बोटं जाडीची राखाडी चिकणमाती, तिच्या वर-खाली भुगा झालेला दगड. सगळं मिळून अठ्ठावीसच्या आसपास. मावशीनं मातीला नख लावलं. साबणात रुतावं तसं रुतलं. तिनं सुरीनं थर उघडला. आतली बाजू चकचकीत होती आणि तिच्यावर बारीक सरळ रेघा होत्या, जणू कुणी ओल्या ताटावरून बोटं ओढलीत. त्या रेघा एकाच गोष्टीच्या असतात. वरचा दगड या मातीवरून कधीतरी सरकलाय. उताराच्या दिशेनं.

गिरमिटानं कपाळावरची टोपी काढली आणि परत घातली.

“बाई, आपण दोघंच आहोत इथं.”

“पोरं आहेत.”

“पोरांना काय कळतंय? मी म्हणतो, लिहा की बोअरवाल्यानं फसवलं. मला काय, मी म्हातारा. एक कान गेलाय, एक बदनामी आली तर ऐकूही यायची नाही.”

मावशी हसली. मग तिचे डोळे भरले, आणि ते लपवायला तिनं भिंग डोळ्याला लावलं. “तू ‘असणार’ म्हणाला होतास, गिरमिट. ‘बसला’ असं मी लिहिलं. तुझं मला देऊ नकोस, माझं मला राहू दे.”

तिनं वहीत लिहायला घेतलं. ‘राखाडी चिकणमाती, सरकल्याच्या रेघा, मी स्वतः पाहिलं’, हे पेनानं. ‘हा थर शाळेच्या सात खोल्यांखालून जात असावा, दोन मजल्यांचं ओझं तो सहन करणार नाही’, हे पेन्सिलीनं. मग तिनं भिंतीच्या भेगेवर आणि पाचवीच्या चौकटीजवळ काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. खोटं बोलणं काचेला जमत नाही.

ताईच्या खोलीत ती मधल्या सुट्टीत गेली. ताई उभ्या उभ्या वह्या तपासत होती. मावशीनं सगळं सांगितलं, त्या दुपारसकट.

ताईनं वही मिटली. “म्हणजे तू माझ्यापाशी बसली होतीस म्हणून हे झालं.”

“नाही. तू बोलावलंस, यायचं मी ठरवलं. आणि पेन तर मीच उचललं.”

“आणखी कुणाला माहितेय हे?”

“गिरमिटला.”

“बस?”

“आता तुला.”

ताई खिडकीकडे वळली. पटांगणात पोरं धावत होती. “सतरा वर्षं उभी आहे शाळा. गिलाव्याचा एक ढलपा पडला नाही. सहा महिन्यांनी मी जाणार. त्या वहीत या वर्षी अकरा नावं आहेत गं. अकरा पोरी.” तिचा आवाज, सगळ्या शाळेला पुरणारा आवाज, पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही. “तू सहा महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“तोवर दोन मजले चढले असते. त्या अकरा पोरी वरच्या मजल्यावर बसल्या असत्या, ताई.”

“जा तू आता,” ताई म्हणाली.

शाळा समितीची सभा सहावीच्या वर्गात भरली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मावशीनं पेटी टेबलावर ठेवली, ठोकळा वर ठेवला आणि सांगितलं की सतरा वर्षांपूर्वी मी चूक केली, ती अशी. मला माफ करा असं म्हणाली नाही. चूक काय, कुठे, किती सेंटिमीटरची, एवढंच.

मग जे व्हायचं ते झालं. खरं सांगणाऱ्याला आपण आधी खुर्ची देत नाही, आधी त्याची जात-कुळी काढतो. “एवढी वर्षं झोपला होतात का?” “सतरा वर्षांत काही झालं नाही, आता दोन मजले म्हटल्यावर बरी माती सापडली!” समितीचा अध्यक्ष, खालच्या रस्त्यावर पेपरमिंट आणि वह्या विकणारा दुकानदार, बोट नाचवत म्हणाला, “मी सांगतो. ही जागा कुणाच्या तरी डोळ्यांत भरलीय. बाईंना कुणीतरी फितवलंय.”

“मला फितवायचं असतं तर आधी सही करून गप्प बसायला सांगितलं असतं, शेठ,” मावशी म्हणाली. “ते सोपं होतं.”

“मग पहिला अहवाल खोटा आणि हा खरा, हे कशावरून?”

“यावरून,” तिनं राखाडी माती त्याच्या तळहातावर ठेवली. “बोटानं दाबा. मी सांगते म्हणून मानू नका.”

त्यानं दाबली. बोटाचा ठसा उमटला. पण माती परत देईना. हातात धरूनच बसला.

ताई अध्यक्षांच्या शेजारी बसली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं बहिणीची बाजू घेतली नाही आणि विरोधातही बोलली नाही. उठली, म्हणाली, “सभा संपली,” आणि डस्टरनं कोरा फळा पुसून निघून गेली.

पुढचे दिवस मावशीनं पायपीट केली. जुना अहवाल ज्यांच्या ज्यांच्याकडे गेला होता, त्या प्रत्येकाच्या दारात ती स्वतः दुरुस्तीचं पान घेऊन गेली. कार्यालय, नकाशे काढणारा, ठेकेदार, समितीतले सात जण. एकानं दार उघडलं नाही, तर फटीतून आत सरकवलं. पोस्टानं पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण कौल देताना आपण समोर बसून दिला, तर चूक कबूल करताना टपालाआड लपायचं, हे तिला पटेना.

रविवार आला, ताईकडून बोलावणं नाही. संध्याकाळी लोखंडी जिना वाजला, तिसरी पायरी करकरली आणि भाऊजी डबा घेऊन आत आले.

“ताईनं दिलाय?”

“छे! तिला कळलं तर मला घरात घेणार नाही. चोरून आणलाय.”

मावशीनं झाकण उघडलं. भाताच्या एका कोपऱ्यात, दुसऱ्या कशाला लागू नये म्हणून वेगळ्या छोट्या वाटीत, तिला आवडतं तसं लोणचं होतं. भाऊजींना ही वाटी सात जन्मांत सुचली नसती.

“चोर बराच बारकाईनं चोरी करतो,” ती म्हणाली.

“जेव मुकाट्यानं,” भाऊजी म्हणाले आणि ती जेवेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

सभेनंतर अकराव्या दिवशी सकाळी, पंक्चरवाला शटर उघडत होता तेवढ्यात, जिना पुन्हा वाजला. या वेळी पायरी जोरात करकरली. दारात ताई. चालत आलेली, धापा टाकत. तिच्या हातरुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं ते टेबलावर उघडलं. काचेची पट्टी, मधोमध तडकलेली.

“रोज सकाळी बघत होते,” ताई म्हणाली. “शिपाई यायच्या आधी. तुला खोटं पाडायला, खरं सांगू का. रोज वाटायचं, आज अखंड दिसली की हिच्या तोंडावर नेऊन मारीन.” ती खुर्चीत बसली. “आज चौकटीजवळची तडकली. दुसऱ्या कुणी हात लावला असेल का?”

“कुलूप होतं?”

“किल्ली माझ्याचकडे आहे.”

“पोरं?”

“पटांगणात बसवलीत, सगळी. सातही खोल्या रिकाम्या केल्या आणि मग इकडे आले. त्या दुकानदाराला सांगितलंय, चटया आण म्हणून. गुपचूप आणायला गेला.” ताईनं बहिणीच्या खिशाकडे हात केला, दोन्ही बाहेर काढली, पेन्सिल बाजूला ठेवली आणि पेन तिच्यापुढे धरलं. “मी पाहिलंय. आता तू ये, पाहा, आणि यानं लिही.”

खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं. कप वाजायला लागला. या वेळी तो ताईनं दाबून धरला.

शाळा पडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पडायची वाटच कुणी पाहिली नाही. ओली माती आणखी सरकू नये म्हणून गिरमिटानं टेकडीच्या पोटात आडवी भोकं पाडून आतलं पाणी बाहेर काढलं; त्या नळ्यांतून पहिल्या दिवशी जे पाणी वाहिलं ते बघायला सगळी वस्ती जमली होती. खोल्या रिकाम्याच राहिल्या. खाली रस्त्यालगतच्या सपाट जागेवर, जिथे मावशीनं चार बोअर घेतले आणि एकालाही सोडून हलली नाही, तिथे पत्र्याचे वर्ग उभे राहिले. त्यात नववी सुरू झाली ती ताई निवृत्त झाल्यावर दीड वर्षानं. त्या वहीतल्या अकरांपैकी चौघी परत आल्या. सात आल्या नाहीत. त्या सातांचं ओझं मावशी अजून वाहते, आणि तिला ‘तुझी चूक नाही’ असं सांगायला जाऊ नका. ती तुम्हाला सेंटिमीटरमध्ये उत्तर देईल.

तिसऱ्या बोअरची ती शेवटची पेटी आता नव्या वर्गांच्या दारातच ठेवलीय, वर काच लावून. ही कल्पना ताईची. निवृत्तीच्या दिवशी तिनं तेवढंच मागितलं. ठोकळ्यावरचं जुनं वाक्य खोडलेलं नाही. त्याखाली निळ्या शाईत दुसरं आहे: ‘हे मी पाहिलं नव्हतं.’ नवी पोरं विचारतात, दगडांच्या मधे हे लाकूड कसलं? जुनी पोरं सांगतात. दर वेळी गोष्ट थोडी वाढते. हल्ली म्हणे मावशीनं ती माती चाटलीसुद्धा होती. हे मात्र खरं आहे.

आता तुमच्याकडे येतो. उद्या सकाळी उठा आणि तुमच्या घराचा, तुमच्या पोरांच्या शाळेचा तो फायलीतला कागद शोधून काढा. ज्याची सही आहे त्याला गाठा आणि विचारा, पेटी कुठे आहे, आणि यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं? तो अडखळला, मान खाली घालून म्हणाला की इथे एक तुकडा मी पाहिला नव्हता, तर त्याच्यावर धावून जाऊ नका. त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि शेवटपर्यंत बोलू द्या.